उष्ट्या हवेचा हिशेब

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. मैत्रिणीकडच्या समारंभाला निघालीस, तयार झालीस, चपला पायांत सरकवल्यास आणि दाराच्या कडीला हात लावून दहा मिनिटं तशीच उभी राहिलीस. मग आत येऊन कपडे बदललेस आणि 'डोकं दुखतंय' असा मेसेज करून टाकलास. हे सगळं तू सरळ लिहिलंस, त्याचं मला बरं वाटलं. लपवलं असतंस तर मला नुसत्या अंदाजाने लिहावं लागलं असतं. शेवटी विचारलंस, "बाई, मी भित्री झालेय की बाकीचे बेफिकीर झालेत? आणि हे कोविडचं नक्की संपलं कधी?"

दुसऱ्या प्रश्नाचं आधी बोलू, कारण पहिला त्याच्याच पोटातून आलेला आहे.

१९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत सॅन फ्रान्सिस्को शहरात मास्कची सक्ती होती. २१ नोव्हेंबर १९१८ ला दुपारी १२ वाजता भोंगा वाजला, सक्ती उठली आणि लोकांनी भर रस्त्यात मास्क काढून फेकून दिले. जानेवारी १९१९ मध्ये रुग्ण पुन्हा वाढले आणि तीच सक्ती परत आणावी लागली. आपल्या वेळी जागतिक आरोग्य संघटनेने ३० जानेवारी २०२० ला जाहीर केलेली आणीबाणी ५ मे २०२३ ला मागे घेतली. त्याच वेळी त्यांनी हेही सांगितलं की विषाणू अजून आपल्यात आहे आणि त्याचा धोका सरलेला नाही. म्हणजे या वेळी कोणी भोंगा वाजवलाच नाही. एवढंच झालं की जो निर्णय सरकार घ्यायचं, तो घराघरांत येऊन पडला. तू कडीला हात लावून उभी होतीस तेव्हा तुला खरं तर कोणीतरी 'संपलं, जा आता' असं सांगायला हवं होतं. तसं सांगणारं कोणी येणार नाही. म्हणून 'संपलं का?' हा प्रश्न तू बाजूला ठेव. 'आज, या जागेत, इतका वेळ, माझ्या घरात कोण आहे ते धरून, जाऊ का?' एवढाच प्रश्न घे. याचं उत्तर काढता येतं.

आता पहिला प्रश्न. तू भित्री नाहीस. तुझ्या बाबांचं मूत्रपिंड बदललेलं आहे आणि शरीराने ते नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबून ठेवणाऱ्या गोळ्या ते रोज घेतात. २०२१ मध्ये अमेरिकेत अवयव प्रत्यारोपण झालेल्या ६५८ जणांचं रक्त तपासलं गेलं. लशीचे दोन डोस घेऊनही त्यांतल्या ४६ टक्के लोकांत अँटिबॉडी, म्हणजे विषाणूशी लढणारी प्रथिनं, सापडल्या नाहीत. निरोगी माणसांत त्या जवळपास सगळ्यांना तयार होतात. पुढच्या डोसांनी त्यांतल्या अनेकांना फायदा झाला, तरी सगळ्यांना झाला नाही. तेव्हा 'लस घेतलीत ना, मग आता कसली भीती?' असं तुला जे ऐकवतात, त्यांचा हिशेब त्यांच्या घरापुरता बरोबर असेल. तुझ्या घराला तो लागू पडत नाही. त्यांना ते ठाऊकही नसेल, म्हणून त्यांच्यावर रागावू नकोस.

पण पोरी, तुझ्या पत्रातलं एक वाक्य मला फार खटकलं. 'माणूस दिसला की आधी वाटतं, याच्याकडे असेल का,' असं तू लिहिलंयस. तुझी काळजी खरी आहे, पण ती चुकीच्या जागी जाऊन बसली आहे. ती माणसांवर बसली आहे. तिला तिथून उठवायचं आणि हवेवर नेऊन बसवायचं, हेच मला या पत्रात सांगायचं आहे.

१० मार्च २०२० ला अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात स्कॅजिट व्हॅली इथल्या एका समूहगान मंडळाची तालीम झाली. ६१ जण जमले होते. बेपर्वा मंडळी नव्हती ती. दाराशी सॅनिटायझर ठेवलेला होता, गळाभेटी टाळल्या होत्या. त्या काळात जेवढं सांगितलं गेलं होतं, तेवढं सगळं त्यांनी पाळलं. मग बंद सभागृहात अडीच तास मोकळ्या गळ्याने गायले. त्यांच्यातल्या एकाला सर्दीसारखी लक्षणं होती. काही दिवसांत त्या ६१ पैकी ५३ जण आजारी झाले, दोघे दगावले. हात सगळ्यांचे स्वच्छ होते.

त्यानंतर जुलै २०२० मध्ये २३९ शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहून सांगितलं की हा आजार हवेतून पसरतो, हे मान्य करा. आरोग्य यंत्रणांनी ते सावकाश मान्य केलं, आणि दरम्यान आपण सगळे वस्तू पुसत बसलो. पृष्ठभागाला हात लागून संसर्ग होण्याची शक्यता दहा हजारांत एकाहूनही कमी आहे, असं अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने एप्रिल २०२१ मध्ये सांगितलं. तू अजून बाहेरून आलेलं प्रत्येक पाकीट पुसतेस. आजपासून ते बंद कर. हात धू, ती सवय इतर आजारांसाठीही चांगली आहे. पण पिशव्या, कड्या, पाकिटं यांच्यामागे रोजचा अर्धा तास आणि मनातली भीती खर्च करू नकोस. ती भीती तुला दुसरीकडे वापरायची आहे.

मी स्वतः हीच चूक केली. साथीच्या दुसऱ्या वर्षी थोरल्या बहिणीकडे गेले तेव्हा पिशवी, किल्ल्या, फोन, सगळं पुसून आत गेले. बाहेर ऊन होतं म्हणून तिने खिडक्या लावून घेतलेल्या होत्या. आम्ही एका लहान खोलीत तीन तास बोलत बसलो. चौथ्या दिवशी दोघींना ताप आला. मी आठवड्यात उठले, तिचा खोकला मात्र पाच महिने राहिला. त्या तीन तासांत कोणी उठून खिडकी उघडली असती तर काय झालं असतं, हे मला कधीच कळणार नाही. पण उघडायला हवी होती, एवढं कळतं.

नंतर एका जुन्या विद्यार्थ्याने मला हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणारा छोटा मीटर आणून दिला. तळहातावर मावेल एवढा. तो काय मोजतो, ते तुला सांगते, कारण ते एकदा नीट समजलं की कुठल्याही खोलीत शिरताना तुला मीटरची गरज उरणार नाही. आपण बाहेर सोडतो त्या श्वासात हा वायू साधारण ४ टक्के असतो, म्हणजे दहा लाख भागांत चाळीस हजार. बाहेरच्या मोकळ्या हवेत तो दहा लाखांत ४२० च्या आसपास असतो. बंद खोलीत मीटर ८०० दाखवायला लागला, तर तू ओढतेस त्या हवेतला शंभरातला एक भाग आधी कोणाच्या तरी फुप्फुसांत जाऊन आलेला असतो. २,००० दाखवला, तर शंभरातले चार. मी तिला उष्टी हवा म्हणते. उष्टं पाणी आपण पीत नाही, पण उष्टी हवा तासन्‌तास ओढत राहतो, कारण ती दिसत नाही.

एका संध्याकाळी माझ्याकडे सहा जण आले होते. खिडक्या बंद, पंखा चालू. मीटर मी कपाटावर ठेवला होता. सुरुवातीला ५०० च्या आत होता. पाऊण तासाने पाहिलं तर १,४५०. कोणाला काही जाणवत नव्हतं, एकजण मात्र सारखा जांभया देत होता. मी उठून एक खिडकी उघडली. आकडा हलेना. मग समोरच्या बाजूचं दार उघडलं आणि पडदा हलला, आरपार वारा सुरू झाला. आकडा आमच्या डोळ्यांदेखत उतरत गेला, १,२००, ९५०, आणि पंधरा मिनिटांत ६५० वर आला. सगळेजण बोलायचे थांबून त्या मीटरकडे बघत राहिले होते. त्या दिवसापासून मला एक लक्षात राहिलं, एकच खिडकी पुरत नाही, हवेला आत यायला आणि बाहेर जायला अशा दोन वाटा लागतात. पंखा तीच हवा फिरवतो. एसीचंही बहुतेक घरांत तेच असतं.

आणि हेही समज, मीटर श्वास मोजतो, विषाणू नाही. हवा गाळणारं चांगलं फिल्टर असेल तर आकडा चढलेला असूनही हवा बरीच स्वच्छ असू शकते. उलट आकडा कमी असला तरी तुझ्या तोंडासमोर दोन फुटांवर कोणी खोकत असेल, तर आकड्याचा काही उपयोग नाही.

तर आता कुठेही जाताना माणसं मोजण्याऐवजी जागा बघ. छताची उंची बघ, समोरासमोर उघडी दारं-खिडक्या आहेत का बघ, किती वेळ बसायचं आहे आणि तिथे लोक बोलणार आहेत, ओरडणार आहेत की गाणार आहेत, ते बघ. मोकळ्या मैदानावर शंभर जणांत तासभर बसणं हे बंद गाडीत चौघांबरोबर तीन तास जाण्यापेक्षा पुष्कळ बरं. तू मैदानावरचं आमंत्रण नाकारलंस आणि त्याच आठवड्यात ऑफिसच्या बंद मीटिंगरूममध्ये दीड तास बसलीस. कारण मीटिंगमधली माणसं ओळखीची होती! ओळखीच्या माणसाचा श्वास वेगळा नसतो गं.

जिथे जागा वाईट आहे आणि जाणं भागच आहे, तिथे चांगला मास्क लाव. एन-९५ दर्जाचा मास्क ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे, म्हणजे केसाच्या जाडीहून कितीतरी बारीक, किमान ९५ टक्के कण अडवतो, पण तो चेहऱ्याला सगळीकडून टेकला असेल तरच. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवायची, जोरात श्वास सोडून बघायचा, कडेने वारा लागला तर परत बसवायचा. सैल मास्क चार तास लावण्यापेक्षा घट्ट मास्क गर्दीच्या चाळीस मिनिटांत लावणं अधिक कामाचं.

बाबांबद्दल. तुझ्या सगळ्या पत्रात बाबा आहेत, पण बाबांचं म्हणणं काय आहे, ते कुठेच नाही. त्यांना तू विचारलं आहेस का? त्यांचे मित्र घरी येत नाहीत, कारण तू येऊ देत नाहीस, असं तूच लिहिलंयस. आजारी माणसाचा जीव सांभाळताना त्याचं जगणं आपल्या हातात घेण्याची चूक प्रेमापोटीच होते, मी ती पुष्कळ घरांत पाहिली आहे. एक दिवस त्यांच्याजवळ बस आणि विचार, 'तुम्हाला कोणाला भेटावंसं वाटतं? त्यासाठी किती धोका चालेल?' कदाचित ते तुझ्याहून जास्त काळजी घ्यायला सांगतील. कदाचित म्हणतील, त्या अमक्याला दर आठवड्याला गॅलरीत बसव माझ्यासमोर. काहीही म्हणोत, निर्णयाचं निम्मं ओझं तुझ्या खांद्यावरून उतरेल.

त्यांच्या डॉक्टरांशीही बोलणं व्हायला हवं, आणि ते आजारी पडायच्या आधी. हे मी फार गांभीर्याने सांगतेय. यावरची गोळ्यांची औषधं लक्षणं सुरू झाल्यापासून ५ दिवसांच्या आत सुरू करावी लागतात. त्यांतल्या पॅक्सलोव्हिडमध्ये रिटोनाव्हिर नावाचं औषध असतं, आणि ते प्रत्यारोपणानंतर दिल्या जाणाऱ्या टॅक्रोलिमससारख्या औषधाची रक्तातली पातळी धोकादायक इतकी वाढवतं. म्हणजे बाबांना ताप आल्यावर रात्री धावपळ करून कोणतं तरी औषध आणणं चालणार नाही. काय द्यायचं, रोजच्या गोळ्यांचं काय करायचं, शिरेतून दिल्या जाणाऱ्या रेमडेसिव्हिरसारखा दुसरा मार्ग कुठे मिळेल, हे आज विचारून कागदावर लिहून ठेव. असा कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला असला की मनातली निम्मी भीती आपोआप बसते.

आणि तू गर्दीच्या ठिकाणी जाऊन आलीस की? विषाणूच्या अलीकडच्या प्रकारांत लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण ३ दिवस जातात, आणि लक्षणं दिसण्याआधीही माणूस दुसऱ्याला देऊ शकतो. तेव्हा मोठ्या समारंभानंतर चार-पाच दिवस बाबांच्या खोलीत जाताना मास्क लाव, त्या खोलीची खिडकी उघडी ठेव, जेवण वेगळ्या वेळी घे. घरच्या अँटिजेन टेस्टवर फार विसंबू नकोस. पॉझिटिव्ह आली तर ती बहुधा खरी असते, निगेटिव्ह आली तर ४८ तासांनी पुन्हा करायची. पण हे चार-पाच दिवस संपले की संपले. सहाव्या दिवशी बाबांजवळ जाऊन बस.

इथेच थोडं थांबते, कारण हे मला सगळ्यांत जास्त सांगावंसं वाटतं. आपण प्रत्येक काळजी सुरू केली तेव्हा तिला कारण होतं, पण ती सोडायची कधी, हे कोणीच ठरवलं नाही. म्हणून सगळ्या एकावर एक साचत गेल्या. यापुढे कुठलीही काळजी घेशील तेव्हा तिची सुटण्याची तारीख त्याच वेळी ठरव. आसपास बरेच लोक खोकत असतील, नव्या लाटेची बातमी असेल, तर दोन-तीन आठवडे आवळून घे, आणि ओसरली की सैल कर. बाबांच्या गोळ्या वाढवल्या असतील, तर पुढच्या तपासणीपर्यंत आवळून ठेव. कॅलेंडरवर लिही. जी काळजी कॅलेंडरवर बसत नाही, ती बहुतेक वेळा भीती असते, आणि तिचं औषध वेगळं आहे.

ते औषध असं. आपण एखादी गोष्ट टाळतो तेव्हा लगेच हायसं वाटतं. तू कपडे बदलून परत बसलीस तेव्हा तुला हायसं वाटलं असणार. मन त्यातून एवढंच शिकतं की टाळलं म्हणून वाचलो, आणि पुढच्या वेळी कडी आणखी जड होते. नुसत्या माहितीने हे सुटत नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या २०२१ च्या सर्वेक्षणात जवळपास निम्म्या लोकांनी सांगितलं की पुन्हा माणसांत मिसळायची कल्पना त्यांना अस्वस्थ करते, आणि लस घेतलेल्यांचं प्रमाणही जवळजवळ तेवढंच होतं. भीती फक्त जाऊन, बसून, सुखरूप परत येऊन उतरते, आणि ती थोडी थोडीच उतरते.

म्हणून निर्णय घरी, शांतपणे, आदल्या दिवशी घे. जागा बघितली, वेळ ठरवला, मास्क पिशवीत टाकला, निघायची वेळ ठरली. मग कडीपाशी तो निर्णय पुन्हा उघडायचा नाही. छाती धडधडली तर धडधडू दे, ती धोक्याची बातमी नाही. सुरुवातीला एकीलाच भेट, उघड्यावर, चाळीस मिनिटं. मग तिघीजणी. दोन तासांनी थकवा येईल, शब्द सुचणार नाहीत, हसू उशिरा येईल. बरेच महिने एकटं राहिल्यावर असं अनेकांचं होतं, त्याला घाबरू नकोस आणि पुढची भेट लांबवूही नकोस. मात्र झोप उडाली असेल, दाराबाहेर पडण्याच्या विचारानेच घाम फुटत असेल आणि हे महिनोन्‌महिने चाललं असेल, तर समुपदेशकाकडे जा. पाय मुरगळला तर दाखवतोच ना आपण.

मैत्रिणींना मोठं स्पष्टीकरण देऊ नकोस. 'बाबांच्या तब्येतीमुळे मी खिडकीजवळ बसते' एवढं एकदाच सांग. 'कोणाला सर्दी-ताप असेल तर मला आधी कळव, मी पुढच्या वेळी येईन' हेही न लाजता सांग. जी खरी मैत्रीण आहे ती स्वतः उठून खुर्ची सरकवेल. आणि जिने मास्क केव्हाच सोडून दिला, तिला बेफिकीर समजू नकोस. काहींनी त्या वर्षांत घरातलं माणूस गमावलं, काहींची कमाई गेली, आणि त्यांना आता त्या दिवसांची आठवणही सोसत नाही. मोकळेपणा हा त्यांचा सावरण्याचा मार्ग असेल.

एक गोष्ट मी आजवर कोणाला लिहिली नव्हती. माझी एक मैत्रीण होती, चाळीस वर्षांची मैत्री. साथ सुरू झाली तेव्हा तिला दुसरा आजार होता, केमोथेरपी चालू होती. मी तिच्याकडे गेले नाही. रोज फोन करायची. ती म्हणायची, "ये गं, गॅलरीत बसू, तू त्या टोकाला, मी या टोकाला." मी म्हणायची, "आणखी थोडं थांबू, सगळं संपू दे." तेव्हा मला ती काळजीच वाटत होती. तिच्या गॅलरीला तीन बाजूंनी मोकळी हवा होती, आणि आज जे मी तुला सांगतेय ते तोवर कळलेलंही होतं. मला फक्त भोंगा ऐकायचा होता. २०२२ मध्ये ती गेली, तिच्या जुन्या आजाराने. नंतर मी त्या घरी गेले तेव्हा गॅलरीच्या दोन टोकांना दोन खुर्च्या तशाच मांडलेल्या होत्या. तिच्या मुलीने सांगितलं, आईने त्या कधी हलवू दिल्या नाहीत.

पोरी, तुझी मैत्रीण रागावलेली नाही. तिने तुला पुन्हा बोलावलंय, हे तूच पत्राच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलंयस. तिला फोन कर आणि विचार, त्यांच्या बसायच्या खोलीला समोरासमोर खिडक्या आहेत का. नसतील तर बाहेर कुठे मोकळ्यावर बसता येईल का, ते विचार. वेळ दीड तासाचा ठरव. बाबांच्या डॉक्टरांसाठी लिहायचे प्रश्न त्याच्या आधी एका कागदावर काढून ठेव, म्हणजे निघताना ते डोक्यात घोळणार नाहीत. मीटर हवा असेल तर माझा घेऊन जा, मला आता फारसा लागत नाही.

गेल्यावर काय झालं ते कळव. जमलं नाही, दारातून परत फिरलीस, तरी कळव.

तुझ्या,
बाई